दहावी मात्रा

यादी मीच केली होती.
सुरगाणा तालुका, अकरा केंद्रं, चारशे बावन्न नावं.
शिक्षक वेगळे, शिक्षकेतर वेगळे,
लिपिक, शिपाई, आश्रमशाळेचा कामाठी, पहारेकरी.
नाशिकहून फोन : पाच तारखेच्या आत शंभर टक्के.
शंभर टक्के म्हणजे कोण कोण,
हे वर कुणी विचारत नाही.

भोये गुरुजींना फोन लागत नाही.
ते टेकडीवर चढले की त्यांचाच येतो,
अर्धं वारा बोलतो, उरलेलं ते :
"सोमवार नको साहेब, सोमवारी बाजार,
मंगळवारी मेव्हण्याच्या घरी..."
आणि रेंज जाते.
मी मंगळवार खोडतो. बुधवार लिहितो.

बुधवारी निळी पेटी पहाटेच निघाली,
वणीला चहासाठीसुद्धा थांबली नाही.
घाटात खैरनार ड्रायव्हर वळणं अशी घेत होता
जणू मागच्या सीटवर बाळंतीण आहे.
दोन्ही अंगाला नागली, मध्येच खुरासणीचा पिवळा तुकडा,
आणि मी मोबाइलवर मोजतोय
कोण आलं, कोण निघालं, कोणाला कालपासून ताप.

सतराचा पाढा रंगवलेल्या भिंतीखाली
कुंदा सिस्टरनं टेबल मांडलं.
एका कुपीत दहा मात्रा.
बूच टोचलं की चार तास, त्यानंतर
कुपी वाया गेली असं लिहावं लागतं, सहीनिशी.
पोरांना आयुष्यभर "काही दुखत नाही रे" म्हणणारे देशमाने सर
डोळे गच्च मिटून, बाकाचा कोपरा धरून बसले.
एकापाठोपाठ एक. नऊ झाले.

दहावे भोये गुरुजी.
सव्वा वाजता फोन : पंक्चर.
दीड वाजता फोन नाही.

व्हरांडा सकाळी झाडला होता वेणूबाई खांडवीनं.
कुलूपही तिनंच उघडलं, किल्ली तिच्याकडे असते.
अकरा वर्षं खिचडी. दीड वर्ष झालं चूल थंड,
पण तांदूळ तोलून पाड्यापाड्यावर नेणारी तीच.
ती यादीत नाही. मानधनावरची माणसं कर्मचारी नव्हेत,
असं एक परिपत्रक म्हणतं.
दुसरं परिपत्रक काहीच म्हणत नाही.

सिस्टरनं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"मी काय सर नाही ना," वेणूबाई म्हणाली,
कुणी काही विचारायच्या आत.

मी छापील यादीखाली पेनानं नाव लिहिलं.
पदनाम : स्वयंपाकी.
शालार्थ क्रमांकाच्या चौकटीत आडवी रेघ.

"कोणता हात देऊ?"
"ज्यानं काम करत नाहीस तो दे," सिस्टर म्हणाली.
वेणूबाई आपल्या दोन्ही हातांकडे
बराच वेळ बघत राहिली.
शेवटी सिस्टरनंच एक धरला.

अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची.
ती पहिलीच्या बाकावर बसली, पाय आखडून,
या शाळेत ती बसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.
तीन वाजता भोये गुरुजी गाडी ढकलत आले,
बाही आधीच वर गुंडाळलेली.
रिकामी कुपी बघितली, तिला बघितलं.
मला वाटलं आता बोलतील.
त्यांनी माठातलं पाणी घेतलं, प्यायले.
"दुखतं का गं?"
"मुंगीगत."

पाच तारखेला आकडा जुळला :
चारशे बावन्न. शंभर टक्के.
वरून शाबासकीचा अंगठा आला.
गुरुजी बाकी आहेत हे वर माहीत नाही,
आणि अंगठ्याला उलट उत्तर देण्याची सोय नाही.

पुढच्या बुधवारी पुन्हा जायचंय, त्यांच्यासाठी.
पण एका माणसासाठी कुपी उघडता येत नाही.
मी वेणूबाईच्या शेजारणीच्या नंबरवर फोन लावला.
म्हटलं, नऊ माणसं हवीत.
म्हटलं, बाकीच्या पाड्यांवर
शाळेची चूल कोण कोण पेटवतं, सांग,
मी लिहून घेतो.